मुलाला एक इयत्ता पुढे न्यायची आहे? अर्जाआधीची तयारी आणि पायऱ्यांचा क्रम

वार्षिक निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकात सगळीकडे अ-१ दिसते आणि पालक तसेच मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन विचारतात, "सर, हिला आठवीऐवजी थेट नववीत बसवता येईल का?" उत्तर बहुधा नकारार्थी येते आणि विषय तिथेच संपतो. काही पालक मात्र नकारानंतर शाळेतून दाखला काढून मोकळे होतात, खासगी रीतीने दहावीला बसवायचे ठरवतात, आणि मग वयाची अट, नोंदीतली तफावत किंवा बारावीचे अंतर यांपैकी एखादी गोष्ट आड येते. मागणी चुकीची असतेच असे नाही. क्रम चुकलेला असतो. जे काम आदल्या वर्षीच्या दिवाळीत सुरू व्हायला हवे, ते निकालाच्या दिवशी सुरू केले जाते, आणि जो पुरावा लागतो त्याऐवजी टक्केवारी पुढे केली जाते.

खालील पायऱ्या राज्य मंडळाच्या शाळांत शिकणाऱ्या सोलापुरातील विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिल्या आहेत. सीबीएसईच्या शाळांसाठी जिथे फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे.

टप्पा १: आधी वय मोजा

सर्वांत सोपी आणि सर्वाधिक वेळा विसरली जाणारी तपासणी ही आहे. मुलाच्या जन्मवर्षात १७ मिळवा. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी उमेदवाराला प्रवेशाच्या वर्षातील ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, त्यामुळे २०१२ साली जन्मलेला विद्यार्थी २०२९ पूर्वी नीटला पात्र ठरत नाही, मग त्याची बारावी कितीही आधी झालेली असो. घरात डॉक्टर होण्याची चर्चा असेल, तर वाचवलेले वर्ष घरी बसून काढावे लागेल का, हे इथेच कळते. एनडीएलाही साडेसोळा वर्षांची किमान अट आहे. जेईईसाठी अशी किमान वयाची अट नाही, म्हणून अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याचे गणित वेगळे निघते.

पहिलीत प्रवेश घेताना ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण झालेली होती असे धरले, तर नेहमीच्या गतीने बारावी होणाऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मूल किमान १८ वर्षांचे असते. म्हणजे एक इयत्ता ओलांडली तरी नीटची अट जेमतेम पाळली जाते आणि दोन ओलांडल्या तर मोडते. परंतु साडेपाचव्या वर्षीच पहिलीत बसवलेल्या मुलाचे हे राखीव वर्ष आधीच खर्च झालेले असते.

तपासणी: जन्मतारीख घरातल्या आठवणीवरून घेऊ नका. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद, जन्मदाखला आणि आधारकार्ड ही तिन्ही समोर ठेवा. आजोबांच्या पिढीत अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला येत असे आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे. आता एका दिवसाची तफावतही ऑनलाइन अर्जात अडते. दुरुस्ती करायची असेल, तर ती मूल शाळेत असतानाच करून घ्या. दाखला निघाल्यानंतर ते काम फार अवघड होते.

टप्पा २: प्रगतिपुस्तकातील श्रेणी नेमके काय सांगते ते समजून घ्या

इथे सर्वाधिक गैरसमज आहेत, म्हणून थोडे थांबून वाचावे.

आठवीपर्यंत राज्यातील शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन चालते. त्यात आकारिक आणि संकलित असे दोन भाग असतात. तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, गृहपाठ हे आकारिक भागात येतात, तर सत्राअखेरची लेखी, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा संकलित भागात. दोन्हींची बेरीज ९१ ते १०० असेल तर अ-१, ८१ ते ९० असेल तर अ-२, आणि अशाच रीतीने ती खाली उतरते. तेव्हा अ-१ मिळालेल्या दोन मुलांपैकी एकाने लेखी परीक्षेत जवळजवळ सर्व गुण मिळवलेले असू शकतात आणि दुसऱ्याला आकारिक गुणांनी वर उचललेले असू शकते. श्रेणी पाहून हा फरक दिसत नाही. वर्गशिक्षकांकडून दोन्ही भागांचे गुण वेगवेगळे मागून घ्यावेत.

नववी-दहावीत हाच प्रश्न २० गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या रूपाने येतो. भाषांना ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० अंतर्गत. गणिताला चाळीस-चाळीसच्या दोन लेखी भागांनंतर २० अंतर्गत. विज्ञानालाही दोन लेखी भाग आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. बहुतेक शाळा हे २० गुण सढळ हाताने देतात. म्हणून पुढे जाण्याचा निर्णय घेताना ८० पैकी किती, एवढेच पाहावे. गणितात १०० पैकी ८८ मिळवणाऱ्या मुलाला २० पैकी २० अंतर्गत मिळाले असतील, तर त्याचे लेखी गुण ८० पैकी ६८ आहेत, म्हणजे ८५ टक्के. गुण चांगलेच आहेत, पण संपूर्ण इयत्ता वगळण्याचा विचार ज्यावर उभा करावा तेवढे ते भक्कम नाहीत.

दहावीच्या निकालातील टक्केवारीत आणखी दोन गोष्टी मिसळतात. मंडळ सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढते, म्हणजे सर्वांत कच्चा विषय टक्केवारीतून गळून पडतो. शिवाय चित्रकला, लोककला, क्रीडा यांचे वाढीव गुण मिळालेले असतील तर तेही त्यात असतात. अकरावी प्रवेशासाठी ही टक्केवारी योग्यच आहे. मूल कोणत्या विषयात पुढे आहे हे मात्र तिच्यावरून कळत नाही.

सीबीएसईच्या दहावीच्या निकालातील ए-१ तर वेगळ्याच जातीची आहे. तिथे त्या विषयात उत्तीर्ण झालेल्या सर्वांची गुणानुक्रमे मांडणी करून वरच्या एक अष्टमांश विद्यार्थ्यांना ए-१ दिली जाते. म्हणजे राज्यातील आठवीची अ-१ ठरावीक गुणांवर मिळते आणि सीबीएसईची इतरांच्या तुलनेत. होटगी रस्त्यावरच्या सीबीएसई शाळेतील भावाची श्रेणी आणि साखर पेठेतल्या मराठी शाळेतील बहिणीची श्रेणी शेजारी ठेवून तुलना करण्यात काही हशील नाही.

सावधान: "वर्गात पहिला" हा पुरावा नव्हे. पटावर तीस मुले असलेल्या तुकडीतला पहिला क्रमांक त्या तुकडीविषयीच सांगतो.

टप्पा ३: जी इयत्ता ओलांडायची तिचीच परीक्षा घ्या

हे काम दिवाळीच्या सुट्टीत करावे. मूल सहावीत असून सातवी ओलांडायची असेल, तर सातवीच्या वार्षिक प्रश्नपत्रिका मिळवायच्या. आठवीच्या नव्हे आणि सहावीच्या तर नव्हेच. अनेक पालक चालू इयत्तेच्या सराव-संचांवर शंभर टक्के गुण पाहून खूश होतात. मुलाने चालू वर्ष उत्तम आत्मसात केले आहे एवढेच त्यातून सिद्ध होते, आणि ते आपल्याला आधीच ठाऊक असते.

१. दोन वेगवेगळ्या शाळांच्या मागील प्रश्नपत्रिका मिळवा. सर्व विषयांच्या घ्या. नुसत्या गणित-विज्ञानाच्या नकोत.

२. सुट्टीच्या आधी मुलाला त्या इयत्तेची पुस्तके एकदा वाचायला द्या. बालभारतीची पुस्तके तिच्याच संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाचीही मिळतात. शिकवणी लावू नका. शिकवून घेतलेला भाग आणि मुलाला स्वतःहून उमगलेला भाग यांतला फरकच आपल्याला पाहायचा आहे.

३. घड्याळ लावून, रोज एकच पेपर सोडवून घ्या.

४. तपासणी घरी करू नका. ज्या शिक्षकांना हे मूल माहीत नाही, अशा दुसऱ्या शाळेतील शिक्षकांना उत्तरपत्रिका नाव झाकून द्या.

माझ्या मते लेखी गुणांत गणित, विज्ञान आणि इंग्रजी यांत किमान ७५ टक्के आणि उरलेल्या विषयांत किमान ६० टक्के मिळाले, तरच पुढचा टप्पा गाठावा. हा कोणताही शासकीय निकष नाही. परंतु न शिकवलेल्या अभ्यासक्रमावर यापेक्षा कमी गुण मिळवणारे मूल पुढच्या वर्गात सतत भरपाईच करत राहते.

गुणांपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे कोणत्या प्रकरणात उत्तरे अडली ती यादी. गणितात ही यादी सर्वाधिक बोलकी असते. सध्याच्या आठवीच्या पुस्तकात विस्तारसूत्रे, अवयव, चलन, बहुपदींचे भागाकार, त्रिकोणांची एकरूपता आणि चक्रवाढ व्याज आहे. यातले अवयव कच्चे राहिले तर नववीत फारसे बिघडल्याचे जाणवत नाही, पण दहावीत वर्गसमीकरणे येतात तेव्हा मूल एकाएकी मागे पडते, आणि दोन वर्षांपूर्वी वगळलेल्या प्रकरणात त्याचे मूळ आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. भाषेच्या बाबतीत पत्रलेखन, सारांशलेखन आणि निबंध यांकडे पाहावे. हुशार मुलांची लेखी भाषा वयानुसारच वाढते आणि तिला घाई करता येत नाही.

तपासणी: सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू किंवा कन्नड माध्यमाच्या शाळेतून मूल मराठी वा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत न्यायचे असेल, तर त्याच वर्षी इयत्ताही ओलांडू नका. दोन बदल एकदम केल्यास घसरण कशामुळे झाली हे शोधता येत नाही.

टप्पा ४: पुढे जाण्याची वाट निवडा

तीन वाटा आहेत. पहिलीकडे पालकांचे लक्ष सहसा जात नाही, आणि बहुतेक मुलांना तीच सोयीची असते.

वर्ग तोच, विषय पुढचा. मूल नववीतच राहते, पण गणित दहावी-अकरावीचे करते. शाळेची नोंद, वय, शिष्यवृत्ती, मित्र यांपैकी कशालाच धक्का लागत नाही. पुढे गेल्याचे मोजमाप हवे असेल, तर गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली आयओक्यूएम आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना खुली आहे आणि कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाडची एनएसईजेएस दहावीपर्यंतच्यांना. या परीक्षांत नववीच्या मुलाला शाळेतल्या ९५ टक्क्यांचे खरे वजन कळते. प्रयोगाची आवड असेल, तर केगावच्या विज्ञान केंद्रात वर्षातून चार फेऱ्या मारणे वर्ग ओलांडण्यापेक्षा अधिक फळ देते.

शाळेतच इयत्ता ओलांडणे, म्हणजे ज्याला आपण डबल प्रमोशन म्हणतो ते. हा मागून मिळणारा हक्क नाही. करायचेच असेल तर सहावी किंवा सातवी ओलांडावी; आठवी शक्यतो ओलांडू नये. कारणे साधी आहेत. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट आहे, आणि आठवी वगळली तर ती नोंदच राहत नाही. त्याहून मोठे नुकसान पैशाचे होते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे एनएमएमएस, आठवीतच देता येते. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या कुटुंबातील, शासकीय, अनुदानित वा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेतील निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. यंत्रमागावर किंवा विडी वळून घर चालवणाऱ्या कुटुंबाने एक वर्ष वाचवण्यासाठी ही संधी घालवणे मला तरी पटत नाही. नववी ओलांडण्याचा विचार तर सोडूनच द्यावा, कारण नियमित विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्यासाठी नववी उत्तीर्ण असणे लागते, आणि सीबीएसईही नववी पूर्ण केल्याशिवाय दहावीत घेत नाही.

शाळेबाहेरची वाट. राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज, म्हणजे खासगी रीतीने परीक्षेला बसण्याचा अर्ज, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हे इथले दोन मार्ग. दोन्हीकडे दहावीसाठी किमान वय १४ आहे. १७ नंबरसाठी किमान पाचवी उत्तीर्ण असावे लागते आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला द्यावा लागतो. मूल लवकर दहावी होऊ शकते, हे खरे. परंतु १७ नंबरने बारावीला बसताना दहावीनंतर दोन वर्षांचे अंतर लागते, आणि एनआयओएसही त्या अंतराशिवाय बारावीचे पूर्ण प्रमाणपत्र देत नाही. म्हणजे वेळ वाचतो तो दहावीच्या आधी. दहावी ते बारावीची दोन वर्षे कुठल्याच वाटेने कमी होत नाहीत. "दोन वर्षांत दहावी-बारावी दोन्ही उरकून देतो" असे कोणी क्लासवाला सांगत असेल, तर त्याच्याकडे मंडळाचे परिपत्रक मागा.

सावधान: नव्या ठिकाणी पात्रता लेखी स्वरूपात निश्चित होईपर्यंत दाखला काढू नका. दाखला निघाला की मूल त्या शाळेचे राहत नाही. बोनाफाईड, एसटीचा सवलत पास, शालेय क्रीडा स्पर्धा आणि शाळेमार्फत मिळणारी शिष्यवृत्ती हे सर्व त्याच दिवशी थांबते.

टप्पा ५: लेखी अर्ज, योग्य वेळी

शाळेतच इयत्ता ओलांडायची ठरल्यास अर्ज सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, जानेवारीच्या अखेरीस द्यावा. तेव्हा पहिल्या सत्राचे निकाल हाती असतात, दुसऱ्या सत्राची परीक्षा दूर असते, आणि मुख्याध्यापकांना वर्गशिक्षकांशी, संस्थेशी आणि गरज पडल्यास जिल्हा परिषदेतील माध्यमिक शिक्षणाधिकारी कार्यालयाशी पत्रव्यवहार करायला तीन-चार महिने मिळतात. १५ जूनला शाळा उघडल्यावर दिलेला अर्ज हा मुख्याध्यापकांना "नाही" म्हणायला भाग पाडणारा अर्ज असतो.

अर्जात भावना नकोत. पुढील मजकूर पुरेसा आहे:

"माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता सहावीत शिकत आहे. तिने इयत्ता सातवीच्या अभ्यासक्रमावर आधारित लेखी चाचण्या दिल्या असून त्यांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका व विषयवार गुण सोबत जोडले आहेत. शाळेने आपल्या स्तरावर इयत्ता सातवीच्या सर्व विषयांची चाचणी घ्यावी आणि ती समाधानकारक आढळल्यास पुढील शैक्षणिक वर्षी तिला इयत्ता आठवीत प्रवेश देण्याबाबत सक्षम अधिकाऱ्यांचे लेखी मार्गदर्शन घ्यावे, ही विनंती. ती चाचणी समाधानकारक न ठरल्यास नियमित वर्गोन्नती आम्हांस मान्य आहे."

शेवटचे वाक्य गाळू नका. त्यामुळे शाळेवरचा दबाव निघून जातो आणि चाचणी प्रामाणिकपणे घेतली जाण्याची शक्यता वाढते. सोबत जन्मदाखल्याची प्रत, मागील दोन वर्षांची प्रगतिपुस्तके आणि आकारिक-संकलित गुणांचा तपशील जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.

तपासणी: तोंडी होकारावर पुस्तके आणि गणवेश घेऊ नका. मुख्याध्यापकांची बदली किंवा निवृत्ती झाली, तर तोंडी होकार त्यांच्याबरोबरच जातो.

टप्पा ६: नोंदी जुळवून घ्या

लेखी मान्यता मिळाल्यावर पालक निश्चिंत होतात आणि पुढची खरी अडचण इथेच दडलेली असते. विद्यार्थ्याची इयत्ता चार ठिकाणी नोंदलेली असते: जनरल रजिस्टर, हजेरीपट, सरल ही राज्याची ऑनलाइन नोंदप्रणाली आणि यूडायस प्लस ही केंद्राची. दहावीचे आवेदनपत्र आता यूडायस प्लसमधील पेन-आयडीवरून, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमस्वरूपी शिक्षण क्रमांकावरून, भरले जाते. त्या नोंदीत मूल एक इयत्ता मागे दिसत राहिले, तर चूक उघड होते ती दोन-तीन वर्षांनी, आवेदनपत्र भरण्याच्या धावपळीत. आणि आपले विभागीय मंडळ पुण्याला असल्याने प्रत्येक दुरुस्तीचा कागद तिथवर जाऊन येतो.

म्हणून नव्या वर्गात बसल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये शाळेच्या संगणक कक्षात जाऊन यूडायस प्लसमधील नोंदीची छापील प्रत पाहावी. नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि इयत्ता हे चारही तपासावे. मान्यतेच्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक जनरल रजिस्टरच्या शेरा रकान्यात लिहिला आहे की नाही, हेही पाहावे. कारण पुढे दाखला निघेल तेव्हा मधली इयत्ता का दिसत नाही याचे उत्तर त्याच रकान्यातून मिळणार आहे.

टप्पा ७: पहिले सत्र संपेपर्यंत नजर ठेवा

नव्या वर्गातील पहिल्या घटक चाचणीत गुण खाली येतात, आणि यायलाच हवेत. नव्वदीतला मुलगा सत्तरीत आला म्हणून घाबरू नये आणि त्याला लगेच शिकवणीही लावू नये. टप्पा ३ मधली अडलेल्या प्रकरणांची यादी काढून ती प्रकरणे आठवड्याला एक या गतीने पूर्ण करावीत.

खरी लक्षणे वेगळी असतात: मूल प्रश्न विचारायचे थांबते, डबा एकट्याने खाते, लिहून पूर्ण होत नाही म्हणून वह्या लपवते, किंवा ज्या विषयासाठी एवढा खटाटोप केला तोच विषय टाळू लागते. यांतली दोन लक्षणे ऑक्टोबरपर्यंत टिकली, तर दिवाळीपूर्वीच वर्गशिक्षकांना भेटून मूळ इयत्तेत परत जाण्याविषयी बोलावे. पहिल्या सत्रात परत गेल्यास नोंदी त्याच शैक्षणिक वर्षात दुरुस्त करता येतात आणि मुलाला ओळखीचा वर्ग मिळतो. वार्षिक परीक्षेत आपटल्यावर परत जाणे म्हणजे नापास होऊन परत जाणे, आणि मुलाच्या मनावर त्याचा घाव फार काळ राहतो. या परतीची लेखी विनंतीही पोच घेऊनच द्यावी आणि तिच्यासोबत मूळ मान्यतेच्या पत्राची प्रत जोडावी.